ऑफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील एका पेशाचा आढावा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनचा प्रशिक्षक हा मुख्य प्रशिक्षकाचा एक साहाय्यक असतो. चेंडू आपल्या संघाकडे असताना आघाडीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पाच खेळाडूंची जबाबदारी त्याच्यावर असते. रांगेच्या मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल. सेंटर पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणापासून पुढचे काही सेकंद प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरायचे किंवा बाजूला रेटून धावणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढेच या पाचांचे काम. त्यांच्या जर्सीवर ५० ते ७९ यांमधले क्रमांक असतात. पुढे फेकलेला पास झेलण्याची त्यांना मुभा नसते, आणि पास सुटण्याआधी रेषेपलीकडे तीन यार्डांहून जास्त पुढे जाण्याचीही नसते.

गुणफलकावर या खेळाडूंची नावे जवळपास कधीच येत नाहीत. कॉलेजमधील सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून दिला जाणारा हाइसमन करंडक या पाच जागांवरच्या एकालाही मिळालेला नाही. ओहायो स्टेटचे टॅकल जॉन हिक्स १९७३ मध्ये मतदानात दुसरे आले, त्यापुढे कुणाची मजल गेली नाही. खेळाडूच असे मागे राहतात, तेव्हा त्यांना घडवणाऱ्याचे नाव प्रेक्षकांना ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. पण ही रांग ढासळली की उत्तम क्वार्टरबॅक आणि वेगवान धावपटू दोघेही हतबल होतात.

या पेशाच्या इतिहासात एक ताण सतत दिसतो. लाइनचा खेळाडू तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात आणि पाच जणांचा मेळ जमायला दीर्घ सहवास लागतो. त्याला शिकवणाऱ्याची नोकरी मात्र एकेका हंगामाच्या निकालावर अवलंबून असते. या पदावरची कोणतीही कारकीर्द समजून घ्यायची तर हा ताण लक्षात ठेवावा लागतो.

पदाची जडणघडण

रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेला सामना कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना मानला जातो. त्यात आजची रांग नव्हती. येलचे वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये संघात अकरा खेळाडू आले आणि दोन संघांना विभागणारी रेषा निश्चित झाली. १८८२ मध्ये ठराविक प्रयत्नांत ठराविक अंतर कापण्याचे बंधन आले. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहू लागल्या आणि अडवणे हे खेळाचे स्वतंत्र अंग बनले.

सुरुवातीला या अंगात शास्त्र कमी आणि धसमुसळेपणा जास्त होता. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ ही चाल वापरली. त्यात खेळाडू पाचरीच्या आकारात धावत येऊन एकाच बिंदूवर आदळत. या चालीमुळे इतकी माणसे जखमी होऊ लागली की दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली. खेळातल्या धसमुसळेपणामुळे १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये पुढे पास फेकण्यास परवानगी मिळाली आणि दोन रांगांमध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी ठेवण्याचा नियम झाला. त्याच सुधारणांमधून उभी राहिलेली संघटना १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते.

पुढच्या काही दशकांत ‘लाइन कोच’ हे पद रूढ झाले. न्यूट रॉकनी यांच्या १९२४ च्या नोत्र दाम संघातील मागच्या फळीतले चौघे ‘फोर हॉर्समेन’ म्हणून देशभर गाजले. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या सात जणांना ‘सेव्हन म्यूल्स’ असे नाव पडले होते. १९३०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाची आघाडीची फळी ‘सेव्हन ब्लॉक्स ऑफ ग्रॅनाइट’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिला घडवणारे लाइन-प्रशिक्षक होते फ्रँक लेही. ते पुढे नोत्र दामचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने १९४३, १९४६, १९४७ आणि १९४९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. फोर्डमच्या त्या फळीतला एक गार्ड होता व्हिन्स लोंबार्डी. त्यांनी आधी न्यू जर्सीतील एका शाळेत प्रशिक्षण दिले, मग १९४९ ते १९५३ या काळात मुख्य प्रशिक्षक रेड ब्लेक यांच्या हाताखाली सैनिकी अकादमीच्या ‘आर्मी’ या संघात लाइन सांभाळली. ग्रीन बे पॅकर्सबरोबर पहिले दोन सुपर बोल जिंकणाऱ्या लोंबार्डींचा पाया लाइनवरच्या शिकवणीत होता.

त्या काळी लाइन-प्रशिक्षक एकच असे, कारण खेळाडूही तेच असत. चेंडू आपल्याकडे असताना अडवायचे आणि समोरच्याकडे गेला की पकडायचे. १९४१ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले. १९४५ मध्ये मिशिगनच्या फ्रिट्झ क्रिसलर यांनी बलाढ्य आर्मीविरुद्ध आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरी अशा वेगळ्या तुकड्या उतरवल्या. १९५३ मध्ये ही मोकळीक काढून घेण्यात आली आणि साठच्या दशकाच्या मध्यावर परत मिळाली. तेव्हापासून आक्रमणाची लाइन आणि बचावाची लाइन यांचे प्रशिक्षक कायमचे वेगळे झाले. आज ज्याला ऑफेन्सिव्ह लाइनचा प्रशिक्षक म्हणतात तो पूर्ण अर्थाने या बदलाचे अपत्य आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दुसरा मोठा बदल झाला. अडवणाऱ्याला हात लांबवून उघड्या पंजांनी प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची मुभा मिळत गेली. पूर्वी खांदा आणि कोपर यांवर चालणारे ब्लॉकिंग आता हातांवर आले. पंजे कुठे आणि कधी ठेवायचे हे शिकवावे लागू लागले आणि लाइन-प्रशिक्षकाचे काम अधिक बारकाईचे झाले.

पेशात प्रवेश

या पदावर येणारे बहुतेक जण स्वतः लाइनवर खेळलेले असतात, पण ती अट नाही. आयोवाचे कर्क फेरेंट्झ कनेटिकट विद्यापीठात लाइनबॅकर, म्हणजे बचावपटू होते. पहिली पायरी बहुधा शाळेच्या संघाची असते. अमेरिकेत शालेय फुटबॉलला गावागावांत मोठे स्थान आहे आणि अनेक प्रशिक्षक तिथे वर्गात शिकवण्याबरोबरच मैदानावरही शिकवतात.

कॉलेजमध्ये शिरण्याचा रूढ मार्ग म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. हा उमेदवार पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि फीमाफी व थोड्या मानधनाच्या बदल्यात संघासाठी राबतो. चित्रफिती कापणे, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली कार्डांवर काढणे, सराव संघाला त्या चाली खेळायला लावणे ही त्याची कामे. गेल्या काही वर्षांत मोठ्या विद्यापीठांनी विश्लेषकांची वेगळी पदे निर्माण केल्याने आणखी एक दार उघडले आहे. त्यानंतर लहान कॉलेज, मग मध्यम, मग मोठ्या परिषदेतील (विद्यापीठांच्या स्पर्धागटातील) विद्यापीठ असा प्रवास होतो.

या पेशातले ज्ञान पुस्तकांपेक्षा माणसांकडून माणसांकडे जाते. दरवर्षी सिनसिनाटीत भरणाऱ्या ‘कूल क्लिनिक’मध्ये शाळा, कॉलेज आणि व्यावसायिक संघांचे लाइन-प्रशिक्षक एकत्र येतात आणि एकमेकांना चित्रफिती दाखवून शिकवतात. शनिवारी आमनेसामने उभे राहणारे तिथे एका बाकावर बसतात. ही मोकळी देवाणघेवाण या पेशाचे मोठे धन आहे.

शिकवणीचे शास्त्र

शिकवणीची सुरुवात पवित्र्यापासून होते. एक हात जमिनीला टेकवून, गुडघे वाकवून, पाठ सपाट ठेवून उभे राहायचे. स्नॅपनंतरचे पहिले पाऊल अवघे काही इंचांचे असते, पण ते चुकीच्या दिशेला पडले तर पुढचे सगळे चुकते. कंबर खाली, नजर वर, पंजे प्रतिस्पर्ध्याच्या छातीच्या आत. दोघांत ज्याचे खांदे खाली असतात त्याची सरशी होते. म्हणून खेळाडूंना बुटक्या लोखंडी चौकटीखालून वाकून धावायला लावतात आणि गादी बसवलेली जड ‘स्लेड’ ढकलायला लावतात. पास वाचवताना हेच शरीर उलट चालवावे लागते. टॅकल मागे सरकत कडेने येणाऱ्या वेगवान बचावपटूला बाहेरून वळसा घालायला भाग पाडतो आणि क्वार्टरबॅकभोवती मोकळी जागा राखतो.

धावण्याच्या चालींत दोन मोठे प्रवाह आहेत. एका प्रवाहात कोणी कोणाला अडवायचे हे आधी ठरते. एक गार्ड आपली जागा सोडून रांगेमागून दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे वाट उघडतो. नेब्रास्का आणि विस्कॉन्सिन अशा संघांनी ही शैली गाजवली. दुसरा प्रवाह झोन ब्लॉकिंगचा. इथे पाचही जण एकाच दिशेने पावले टाकतात, आपल्या पट्ट्यात येईल त्याला अडवतात आणि धावपटू फट पाहून वळतो. या पद्धतीचे मोठे गुरू अ‍ॅलेक्स गिब्स यांनी ड्यूक, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, ऑबर्न आणि जॉर्जिया इथे शिकवले होते. नव्वदच्या दशकात डेन्व्हर ब्रॉन्कोस या व्यावसायिक संघातल्या त्यांच्या यशामुळे झोन पद्धत कॉलेजांतही सर्वदूर पोहोचली.

पाचांचे काम एकमेकांत गुंतलेले असते. कबड्डीत साखळीतल्या एकाची पकड सुटली की चढाई करणारा निसटतो, तसेच इथे एकाचा अंदाज चुकला की इतर चौघांची मेहनत वाया जाते. म्हणून प्रशिक्षकाचा बराच वेळ संभाषण शिकवण्यात जातो. स्नॅपआधी सेंटर बचावाची मांडणी वाचतो, मधला लाइनबॅकर कोण ते ओरडून सांगतो, आणि त्या एका घोषणेवर बाकी चौघांची कामे ठरतात. लाख प्रेक्षकांच्या गोंगाटात आवाज पोहोचत नाही तेव्हा गार्ड सेंटरला हाताने खूण करतो आणि मनातल्या मोजणीवर चेंडू निघतो. हात जमिनीवर टेकल्यावर कोणी आधी हलला तर पाच यार्डांचा दंड, समोरच्याला धरून ठेवले तर दहा यार्डांचा. या चुका खेळाडूच्या नावावर पडतात, पण शिस्तीचा जाब प्रशिक्षकाला द्यावा लागतो.

पद्धत संघाच्या शैलीप्रमाणे बदलते. माइक लीच यांच्या टेक्सास टेक संघात लाइनचे खेळाडू एकमेकांपासून खूप अंतर ठेवून उभे राहत, म्हणजे बचावपटूंना क्वार्टरबॅकपर्यंत लांबचा रस्ता कापावा लागे. सैनिकी अकादमींचे संघ धावण्यावर भर देतात आणि खालून अडवण्याचे तंत्र वापरत आले आहेत. २०२२ पासून कमरेखालच्या ब्लॉकवर कडक मर्यादा आल्याने त्यांना आपले तंत्र बदलावे लागले. पास आणि धाव यांचा निर्णय चाल सुरू झाल्यावर घेणाऱ्या आधुनिक आक्रमणात तीन यार्डांचा नियम कळीचा ठरतो. लाइन धाव समजून पुढे गेली आणि चेंडू फेकायला उशीर झाला, तर दंड बसतो.

हंगामातला आठवडा आणि भरती

सामना शनिवारी असतो. रविवारी चित्रफीत पाहून प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक चालीला गुण दिले जातात: पाऊल बरोबर होते का, माणूस बरोबर निवडला का, चाल संपेपर्यंत झुंज दिली का. लाइनच्या खेळाडूसाठी धावा किंवा पकडी यांसारखे सार्वजनिक आकडे नसतात. त्यामुळे हे गुणपत्रक हाच त्याच्या कामाचा खरा लेखाजोखा असतो. त्यानंतर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, आठवड्याच्या मध्यावर जोराचा सराव आणि अखेरीस हलकी उजळणी. हंगामात खेळाडूंना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही, असे एनसीएएचे बंधन आहे. प्रशिक्षकांना असे बंधन नाही आणि त्यांचा दिवस बहुधा रात्री उशिरा संपतो. सामन्यात चेंडू समोरच्याकडे गेला की पाचही जणांना बाकावर बसवून चुका दुरुस्त केल्या जातात. २०२४ पासून या कामासाठी मैदानाकडेला टॅब्लेटवर चित्रफीत पाहण्याची सोय झाली आहे.

उरलेले वर्ष भरतीचे. सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो एकविसाव्या वर्षी कसा असेल याचा अंदाज बांधावा लागतो. आज मोठ्या कॉलेजांत लाइनच्या खेळाडूचे वजन बहुतेक वेळा ३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३६ किलोंच्या वर असते. शाळेतला मुलगा इतका भारी क्वचितच असतो आणि त्याची गरजही नसते. अनुभवी प्रशिक्षक पायांची चपळाई, नितंबांची लवचिकता आणि हातांची लांबी पाहतात. कुस्ती, बास्केटबॉल, गोळाफेक खेळलेली मुले त्यांना विशेष आवडतात.

आयोवा विद्यापीठ याचे उत्तम उदाहरण आहे. २००३ मध्ये सर्वोत्तम लाइनमनचा आउटलंड करंडक मिळवणारे रॉबर्ट गॅलरी तिथे टाइट एंड म्हणून आले होते. २०२१ मध्ये सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन करंडक मिळवणारे टायलर लिंडरबॉम बचावाच्या लाइनसाठी निवडले गेले होते. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२० च्या निवडीत तेराव्या क्रमांकावर गेलेले ट्रिस्टन वर्फ्स शाळेत कुस्तीतले राज्य विजेते होते. मुलाला चुकीच्या जागेवरून उचलून योग्य जागेवर ठेवणे आणि मग दोन-तीन वर्षे थांबणे, यात या पेशाची खरी कसोटी आहे.

काही लक्षणीय कारकिर्दी

दीर्घ कारकिर्दीचे सर्वांत ठळक उदाहरण मिल्ट टेनोपिर यांचे. आधी शालेय संघांना शिकवून ते १९७४ मध्ये नेब्रास्काला आले आणि २००२ च्या हंगामापर्यंत तिथेच राहिले. या काळात तिथल्या लाइनच्या पाच खेळाडूंनी मिळून सहा आउटलंड करंडक जिंकले. त्यांत सेंटर डेव्ह रिमिंग्टन यांचे १९८१ आणि १९८२ चे दोन होते. हा करंडक दोनदा जिंकणारे ते एकमेव खेळाडू आहेत आणि सेंटरसाठीचा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. टॉम ऑसबोर्न यांच्या नेतृत्वाखाली नेब्रास्काने १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मिळवला. १९९५ च्या संघाने सामन्यामागे सुमारे ४०० यार्ड धावून मिळवले आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, फिएस्टा बोलमध्ये, फ्लोरिडाला ६२-२४ असे हरवताना ५२४ यार्ड धाव काढली. ऑसबोर्न २५ हंगाम टिकले आणि त्यांच्यानंतर त्यांचेच साहाय्यक फ्रँक सोलिच मुख्य प्रशिक्षक झाले. त्या स्थैर्यामुळे टेनोपिर यांना खेळाडू पिकू देण्याइतका वेळ मिळाला.

जो मूर यांची वाट वेगळी. पेनसिल्व्हेनियातील शाळांमध्ये नाव कमावून ते १९७७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात आले. मार्क मे, रस ग्रिम, जिम कोव्हर्ट, बिल फ्रॅलिक असे खेळाडू तिथे त्यांच्या हाताखाली घडले. टेम्पलला काही काळ काढून ते १९८८ मध्ये नोत्र दामला आले आणि त्याच वर्षी संघ राष्ट्रीय विजेता ठरला. १९९६ अखेरीस नव्या मुख्य प्रशिक्षकाने त्यांना दूर केले, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पलीकडे होते. वयामुळे काढल्याचा दावा त्यांनी केंद्रीय न्यायालयात दाखल केला आणि १९९८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. साहाय्यक प्रशिक्षकाची नोकरी मुख्य प्रशिक्षकाच्या मर्जीवर किती अवलंबून असते हे या खटल्याने उघड केले. २००३ मध्ये मूर यांचे निधन झाले. २०१५ पासून देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. तो एका खेळाडूला न देता संपूर्ण तुकडीला दिला जातो, आणि या पेशाच्या स्वभावाला तेच साजेसे आहे.

कर्क फेरेंट्झ शाळेत मूर यांचे विद्यार्थी होते. १९८० मध्ये ते पिट्सबर्गला मूर यांच्याच संघात ग्रॅज्युएट असिस्टंट झाले. १९८१ ते १९८९ त्यांनी आयोवात हेडन फ्राय यांच्यासाठी लाइन सांभाळली. मग मेन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद, त्यानंतर एनएफएलमध्ये क्लीव्हलँड व बाल्टिमोरची लाइन, आणि १९९९ पासून आयोवाचे मुख्य प्रशिक्षकपद. २०१६ चा जो मूर पुरस्कार आयोवालाच मिळाला. गुरूच्या नावाचा पुरस्कार शिष्याच्या संघाकडे जाणे ही या परंपरेची अभिमानास्पद नोंद आहे.

सॅम पिटमन यांच्या कारकिर्दीत भटकंती दिसते. नॉर्दर्न इलिनॉय, सिनसिनाटी, ओक्लाहोमा, वेस्टर्न मिशिगन, मिसुरी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, अर्कान्सॉ आणि जॉर्जिया अशा अनेक विद्यापीठांत त्यांनी लाइन शिकवली. त्यांपैकी बरेच मुक्काम अगदी थोड्या काळाचे होते. अखेर २०२० च्या हंगामासाठी अर्कान्सॉने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले आणि २०२५ च्या हंगामात मध्येच पदावरून दूर केले. हॅरी हीस्टँड यांच्या हाताखाली २०१२ ते २०१७ या काळात नोत्र दामच्या लाइनमधून झॅक मार्टिन, रॉनी स्टॅनली, क्वेंटन नेल्सन आणि माइक मॅकग्लिंची हे चौघे एनएफएलच्या पहिल्या फेरीत निवडले जाण्याइतके तयार झाले. २०१७ चा जो मूर पुरस्कारही त्याच लाइनला मिळाला.

वेतन, अस्थैर्य आणि बढती

मोठ्या परिषदांतील आघाडीच्या लाइन-प्रशिक्षकांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरच्या घरात गेले आहे. लहान कॉलेजांत मात्र ते साध्या नोकरदाराइतके असते. करार थोड्या वर्षांचे असतात आणि मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे बहुतेक साहाय्यकही जातात. कुटुंबाला दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलावे लागते, मुलांच्या शाळा बदलतात.

बढतीची वाटही सरळ नाही. मुख्य प्रशिक्षक निवडताना विद्यापीठे बहुधा आक्रमणाचे किंवा बचावाचे सूत्रधार शोधतात आणि चाली पुकारणाऱ्याला अधिक भाव मिळतो. लाइन-प्रशिक्षकाला अनेकदा ‘रन गेम कोऑर्डिनेटर’ ही जोडपदवी देऊन ठेवून घेतले जाते. लेही, फेरेंट्झ, किंवा मायामीचे मारिओ क्रिस्टोबाल यांच्यासारखे लाइनमधून वर आलेले मुख्य प्रशिक्षक आहेत, पण कारकिर्दीचा शेवट साहाय्यकपदावरच होणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी ते समाधानाने स्वीकारलेले दिसते. शिकवणे हेच त्यांचे ध्येय असते.

शरीराची जबाबदारी

लाइनच्या खेळाडूचे शरीर जवळजवळ प्रत्येक चालीत आदळते. गुडघे व घोटे यांच्या दुखापती नेहमीच्या आहेत. एकेक पाहता सौम्य वाटणाऱ्या पण डोक्याला हजारो वेळा बसणाऱ्या धक्क्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. त्यामुळे सरावातील पूर्ण धडकेचे प्रमाण कमी करण्याकडे आता कल आहे. डोके बाजूला ठेवून हातांनी अडवण्याचे तंत्र शिकवणे हा आरोग्याचाही भाग झाला आहे. खेळ संपल्यावर इतके वजन अंगावर वागवणे हृदयाला आणि सांध्यांना घातक असते. म्हणून ते कसे उतरवावे याचे मार्गदर्शनही खेळाडूला मिळायला हवे.

जड शरीराला उष्णतेचा धोका मोठा असतो. मेरीलँड विद्यापीठाच्या लाइनमधील १९ वर्षांचा खेळाडू जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि १३ जूनला त्याचा मृत्यू झाला. उष्माघातावरचा तातडीचा उपाय म्हणजे थंड पाण्यात बुडवणे. तो त्याला दिला गेला नव्हता, हे नंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले. विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली. कणखरपणा शिकवण्याच्या नावाखाली थकव्याची लक्षणे दुर्लक्षित करणे अक्षम्य आहे, हा या मृत्यूचा धडा प्रत्येक लाइन-प्रशिक्षकाने गाठीशी बांधला पाहिजे. संघातले सर्वांत भारी खेळाडू त्याच्याच हवाली असतात.

बदललेला काळ

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये खेळाडूंसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. २०२१ मध्ये विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा आणि स्वतःच्या नावावर कमाई करण्याचा हक्क मिळाला. २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. खेळाडूंना त्यांच्या श्रमाचे मोल मिळू लागले, ही दीर्घकाळ रखडलेली न्यायाची गोष्ट होती.

लाइनच्या शिकवणीवर मात्र याचा खोल परिणाम झाला. दोन वर्षे बाकावर बसून तयार होणारा मुलगा आता खेळायला मिळेल अशा ठिकाणी जातो. दुसरीकडे, तयार झालेला टॅकल पोर्टलमधून आणता येतो आणि लहान कॉलेजात घडवलेला खेळाडू मोठ्या विद्यापीठाला मिळतो. २०२३ चा जो मूर पुरस्कार जिंकणाऱ्या वॉशिंग्टनच्या लाइनचे पाचही नियमित खेळाडू पुढच्या हंगामात तिथे नव्हते. काही एनएफएलमध्ये गेले, काही इतर विद्यापीठांत, आणि त्यांचे प्रशिक्षक स्कॉट हफ यांनीही एनएफएलची वाट धरली. २०२४ चा पुरस्कार आर्मीला मिळाला. तिथले खेळाडू सैनिकी अकादमीचे कॅडेट असतात आणि पदवीनंतरची सैन्यातली सेवा ठरलेली असते, त्यामुळे तिथे ये-जा कमी राहते. त्या वर्षी आर्मीने सामन्यामागे सुमारे ३०० यार्ड धाव काढली. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की सहवासाचे मोल कळते.

कर्मचारीवर्गही बदलला आहे. वरच्या विभागात मैदानावर शिकवू शकणाऱ्या साहाय्यकांची संख्या पूर्वी नऊ होती, ती २०१८ मध्ये दहा झाली. २०२४ मध्ये इतर कर्मचाऱ्यांनाही मैदानावर शिकवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे काही विद्यापीठांत लाइनसाठी दोन-तीन जण असतात. एक टॅकलवर, दुसरा आतल्या तिघांवर लक्ष देतो. तरुणांसाठी संधी वाढल्या, तशी मुख्य लाइन-प्रशिक्षकावर आपल्या साहाय्यकांना घडवण्याची जबाबदारीही आली.

आजच्या लाइन-प्रशिक्षकाला जुन्या पिढीला चार वर्षांत जे साधायचे ते एका वसंतातल्या पंधरा सराव सत्रांत आणि एका उन्हाळ्यात साधावे लागते. नवे आलेले खेळाडू वेगवेगळ्या भाषेत घोषणा शिकून आलेले असतात. त्यांना एका भाषेत आणणे हे पहिले काम ठरते. म्हणून घोषणा सोप्या होत आहेत, चालींची संख्या कमी होत आहे आणि मूलभूत तंत्रावर पुन्हा भर येत आहे. पवित्रा, पहिले पाऊल आणि हातांची जागा हे धडे कोणत्याही विद्यापीठात सारखेच असतात.

या पदाच्या यशाचे मोजमाप करताना संघाचे विजय अपुरे पडतात, कारण त्यांत अनेकांचा वाटा असतो. अधिक न्याय्य कसोट्या तीन आहेत: आलेला खेळाडू जाताना किती सुधारला, पाच जण एक म्हणून किती खेळले, आणि त्या खेळाडूंची शरीरे व शिक्षण किती सुरक्षित राहिले. टेनोपिर आणि मूर यांची नावे पहिल्या दोन कसोट्यांवर टिकून आहेत. तिसरी कसोटी मेरीलँडच्या घटनेनंतर पहिल्या दोघींच्या बरोबरीची मानली गेली पाहिजे. विद्यापीठांना या तिन्ही हव्या असतील, तर चांगल्या लाइन-प्रशिक्षकाला एका हंगामाच्या निकालापलीकडे वेळ देण्याची तयारीही त्यांनी ठेवली पाहिजे.